२००५ ची सीआर-व्ही : पूर्ण वळवताना मागून घरघर. डिफ गेला म्हणतात, मला पटेना

लेथवाला, उद्यमनगर

नमस्कार मंडळी. मी गाडीचा मेकॅनिक नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, बावीस वर्षं झाली. त्यामुळं लोखंडाचं कळतं. गाडीचं म्हणाल तर जेवढं हाताखालून गेलंय तेवढं.

गाडी होंडा सीआर-व्ही, २००५ ची, मॅन्युअल गिअर, फोर व्हील ड्राइव्ह. जपानमधून पूर्ण बांधून आलेली. मी तिसरा मालक. २०१८ ला घेतली तेव्हा ९४ हजार किलोमीटर झाले होते, आता १ लाख ६१ हजार. सासुरवाडी गगनबावड्याजवळ आहे. डांबरी सोडल्यावर घरापर्यंत लाल मातीचा चढ, जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता राडा. तिथं ही गाडी गुमान वर चढते म्हणून घेतली, आणि म्हणूनच ती मला नीट ठेवायची आहे.

तक्रार अशी. गाडी पंधरावीस मिनिटं चालली, गरम झाली आणि मग स्टेअरिंग पूर्ण तोडून हळू वळवली, की मागून घरघर येते. जड लाकडी बाकडं शहाबादी फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. मागच्या सीटवर बसलं तर अंगाला कंप जाणवतो. सकाळी थंड गाडीला काही नाही. सरळ रस्त्याला, अगदी हायवेला कागलपर्यंत गेलो तरी काही नाही. फक्त पूर्ण वळणाला, पहिल्या-दुसऱ्या गिअरात.

मी काय काय बघितलं : चारही चाकं उचलून स्टँडवर घेतली. मागची चाकं हातानं फिरवली, बेअरिंगचा आवाज नाही. प्रोपेलर शाफ्टच्या (पुढून मागच्या चाकांकडं ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉसमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा नाही. डायल गेज लावून बघितलं, उगीच हातानं हलवून नाही. डिफची, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीची (डिफरन्शियल), रबरं फाटलेली नाहीत, बाहेरून तेलाचा ओघळ नाही.

दोन ठिकाणी दाखवली. एकानं ऐकल्या ऐकल्या सांगितलं, डिफ गेला, मुंबईहून जुनी असेंब्ली मागवू, मजुरी धरून सत्तर हजाराच्या पुढं. दुसरा म्हणाला चालतेय तोवर चालवा. यातलं कुठलंच मला पटेना. गिअरचा दात गेला असता तर सरळ रस्त्यालाही आवाज दिला असता. आणि थंड असताना गप्प आणि गरम झाल्यावर बोलतोय, असा मोडका दात मी तरी बघितला नाही.

आणखी एक सांगून ठेवतो, उपयोग असेल तर. फेब्रुवारीत एका गॅरेजमध्ये सगळी तेलं बदलून घेतली होती. आवाज त्यानंतर महिन्याभरात सुरू झाला.

गाडीचं बरंच काम मी स्वतः करतो. पुढच्या लोअर आर्मचे मागचे बुश चिरले होते, ते मागच्या वर्षी शॉपमध्येच बदलले. प्रेसला लावायला बुशच्या बाहेरच्या मापाची बाही आणि आतला दट्ट्या लेथवर काढला. जुना बुश काढायच्या आधी आर्मवर पांढऱ्या रंगानं खूण केली, कारण त्या रबरात पोकळ्या आहेत आणि त्यांना दिशा आहे, फिरवून बसवला तर लवकर फाटतो. आणि बोल्ट शेवटचा आवळला तो गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या आर्मवर आवळला असता तर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं. हे सांगायचं कारण, डिफचंही काम मी हातानं करायला तयार आहे. फक्त काय करायचं ते आधी कळू दे.

जाता जाता दुसरा प्रश्न : हेडलाइट घाटात फारच मिणमिणते. बल्ब नवे घातले तरी तेच. करूळ घाटात धुकं उतरलं की रस्त्याची कड दिसत नाही. एलईडी घालू का?

घाटरस्ता, कराड

भाऊ, सोपा उपाय. प्रोपेलर शाफ्ट काढून टाका. पुढं-मागं फ्लँजचे बोल्ट आहेत, मधलं बेअरिंग आहे, तासाभरात खाली येतो. गाडी टू व्हील ड्राइव्ह होते, आवाज शंभर टक्के बंद. माझ्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी केलंय, मस्त चालू आहे.

लेथवाला, उद्यमनगर

धन्यवाद दादा, पण ते नको. आवाज बंद होईल हे मान्य. पण मागची चाकं ओढतात म्हणूनच तर ही गाडी घेतली. मागच्या जुलैत त्याच चढावर शेजाऱ्यांची गाडी आडवी झाली होती, ती दोर लावून मी वर घेतली. शाफ्ट काढून ठेवायचा तर मग साधी गाडी काय वाईट होती?

जुनी गाडी, सांगली

दादा, डिफला हात लावू नका आणि असेंब्ली तर मुळीच मागवू नका. माझ्याकडे हीच गाडी आहे, २००४ ची. हाच आवाज मी दोन वेळा ऐकलाय आणि दोन्ही वेळा फक्त तेल बदलून गेलाय. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही "उपयोग असेल तर" म्हणून लिहिलंय. फेब्रुवारीचं बिल काढा आणि मागच्या डिफमध्ये कुठलं तेल घातलं ते बघा.

का, ते नीट सांगते. या गाडीच्या मागच्या डिफमध्ये नुसते गिअर नाहीत. त्याच घरात तेलाचे दोन पंप आणि क्लचच्या प्लेटा आहेत, सगळं एकाच तेलात. एक पंप प्रोपेलर शाफ्टवर फिरतो, म्हणजे पुढच्या चाकांच्या हिशोबानं. दुसरा मागच्या चाकांच्या हिशोबानं. दोन्ही सारखे फिरतात तोवर पहिल्यानं टाकलेलं तेल दुसरा ओढून घेतो. दाब तयारच होत नाही, क्लच मोकळा राहतो, गाडी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं चिखलात घसरली की पुढचा पंप जास्त तेल ढकलतो, मागच्याला ते सगळं घेता येत नाही. मग त्या जादा तेलाचा दाब क्लचवर बसतो आणि मागची चाकं ओढायला लागतात. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, सगळा तेलाचा खेळ. तुमच्या लाल मातीच्या चढावर हेच घडतं.

आता वळणाचं बघा. स्टेअरिंग पूर्ण तोडलं की पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या गोलातून जातात. म्हणजे कोरड्या रस्त्यावरही पुढचा पंप थोडा जास्त फिरतो आणि क्लच थोडा धरतो. तेल बरोबर असेल तर प्लेटा एकमेकींवरून गुळगुळीत सरकतात, आपल्याला कळतही नाही. तेल जुनं झालं किंवा चुकीचं पडलं तर प्लेटा धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. तो तुमचा बाकडं ओढल्याचा आवाज.

याला होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच लागतं. ते पातळ असतं आणि या प्लेटांसाठी त्यात वेगळी द्रव्यं असतात. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल दातांना चांगलं, पण या क्लचला चालत नाही. बदलताना साधारण एक लिटर बसतं. बदलल्यावर मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण तोडून हळूहळू गोल फिरवा, डावीकडून काही, उजवीकडून काही, म्हणजे नवं तेल प्लेटांमध्ये शिरतं. चुकीचं तेल पडलं असेल तर एकदा बदलून भागणार नाही. थोडी चालवून पुन्हा बदला, कारण आत चिकटून राहिलेलं पहिल्या वेळी सगळं निघत नाही.

आणि हो, त्याच गॅरेजनं गिअरबॉक्सचंही तेल बदललं होतं का? तिथंही होंडाचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल) लागतं. सकाळी दुसरा गिअर जड पडत असेल तर तेही बघा.

जुना मिस्त्री, शाहूपुरी

ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे. मी हाताचं थोडं सांगतो.

डिफला दोन प्लग आहेत, भरायचा वर, सोडायचा खाली. दोन्हींना बाहेर षटकोन नाही, आत तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चौकोन आहे. तीन सुताच्या रॅचेटचं चौकोनी टोक थेट त्यात बसतं, सॉकेट लागत नाही. आधी वरचा प्लग सोडवून बघा. तो सुटला तरच खालचा उघडा. खालून तेल सोडलं आणि वरचा सुटेना झाला तर गाडी तिथंच उभी राहते. माझ्याकडं अशा टोचन करून आलेल्या गाड्या आहेत. टोचन म्हटल्यावर आठवलं, ही गाडी पुढची दोन चाकं उचलून कधी ओढून न्यायची नाही, सपाट ट्रकवर घालूनच न्यायची. तसंच फक्त पुढची चाकं जॅकवर घेऊन गिअर टाकायचा नाही. पुढची फिरली की मागची ओढणार आणि गाडी जॅकवरून उडी मारणार.

प्लगचे वॉशर नवे घाला. आवळायला ४७ न्यूटन मीटर पुरे. घर ॲल्युमिनियमचं आहे, जोर केला तर आटे जातील. भरताना गाडी सपाट पाहिजे, वरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं की झालं.

टायर चारही एका मापाचे आहेत का? दोन नवे दोन जुने असले तर पंपांना वाटतं चाक घसरतंय.

हेडलाइटला एलईडी घालू नका. तो दिवा बल्बच्या तारेच्या जागेप्रमाणं बनवलेला असतो, एलईडीचा उजेड फेकला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. धुक्यात तर पांढरी भिंत दिसेल. आधी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्बच्या पाठीमागं व्होल्ट मोजा आणि बॅटरीवर मोजा. फरक दीडच्या वर असेल तर रिले (विजेवर चालणारा स्विच) घाला, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बपर्यंत न्या. जुना स्विच फक्त रिले चालवेल.

लेथवाला, उद्यमनगर

ताई, बिल सापडलं. "गिअर ऑइल ९०, ४ लिटर" एवढंच एका ओळीत लिहिलंय. म्हणजे डिफ आणि गिअरबॉक्स दोन्हीत तेच गेलेलं दिसतंय. आणि दुसरा गिअर सकाळी खरंच जड पडतो. मी ते वयावर ढकललं होतं, गाडीच्या.

मिस्त्री, टायर मोजले. चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घातलेले. नक्षी पुढं साडेपाच, मागं सहा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात तीन मिलिमीटर, तो धरायला नको. पण तुम्ही म्हणता ते आता लक्षात आलं. नवा टायर आठचा आणि जुना तीनचा असता तर परिघात ३१ मिलिमीटरचा फरक पडला असता, प्रत्येक फेऱ्याला.

दिव्याचंही मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर ११.९. रिलेचं सामान आणलंय.

तेल मागवलंय. आलं की रविवारी बसतो.

लेथवाला, उद्यमनगर

काम झालं. सविस्तर लिहितो, पुढं कुणाला लागेल.

वरच्या प्लगनंच पहिला अडथळा आणला. आधीच्या कुणीतरी त्यात बारीक पाना घालून फिरवलेला, चौकोनाचे कोपरे गोलसर झालेले. रॅचेटचं टोक घातलं तर ते आत निसटायला लागलं. रॅचेटची टोकं कोपऱ्यात जरा गोलाई देऊनच बनवलेली असतात, म्हणून झिजलेल्या चौकोनात धरत नाहीत. मग लक्षात आलं की तीन सूत चौकोन तर माझ्या हातात रोज असतो. लेथचा हायस्पीड पोलादाचा टूल बिट, लोखंड कापायचा चौकोनी तुकडा. ग्राइंड केलेला, कोपरे धारदार, माप पक्कं. १९ मिलिमीटर षटकोनी बारचा दोन इंच तुकडा कापला, त्यात चौकोन पाडून बिट घट्ट बसवला, बाहेर फक्त बारा मिलिमीटर ठेवला. जास्त बाहेर ठेवला तर हायस्पीड ठिसूळ, तुटून आत राहिला असता. हातोडीनं हलकं ठोकून बसवला. डिफच्या घराला प्लगच्या भोवती हीट गननं पाच मिनिटं ऊब दिली. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढी सैल पुरते. मग लांब दांड्याचा पाना लावून एकसारखा जोर दिला, झटका नाही. टक् करून एकच आवाज आला आणि सुटला. त्या आवाजानं जेवढं बरं वाटलं तेवढं पहिल्या पगारानं वाटलं नव्हतं.

मग खालचा उघडला. आणि मंडळी, ट्रेमध्ये पहिली धार पडली तेव्हाच मला कळलं, बिल बघायची गरज नव्हती. वासानं कळलं. गंधकाचा उग्र वास. आमच्या शॉपमध्ये टॅपिंगला जे गंधकवालं कटिंग ऑइल वापरतो त्याच्या जातीचा. ९० नंबरच्या गिअर ऑइलमध्ये दातांवर दाब सहन करायला हीच द्रव्यं घालतात. दाट काळपट तेल, काकवीसारखं सावकाश पडत होतं. शेजारी नव्या डब्यातलं वाटीत ओतून ठेवलं होतं, ते पाण्यासारखं पळत होतं. एवढं दाट तेल त्या पंपांनी आणि प्लेटांनी पाच महिने सहन केलं. खालच्या प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा होता, बोटांत चोळून बघितला, चमचम नाही, कण लागत नाही. म्हणजे दात शाबूत. सत्तर हजाराची असेंब्ली ज्याच्यासाठी मागवणार होते तो डिफ चांगला आहे.

अर्धा तास निथळू दिलं. भरायला पंप नव्हता. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घेतली, एक टोक वरच्या भोकात, दुसऱ्याला नरसाळं बांधून मागच्या काचेपर्यंत उंच धरलं. मुलगी वरून ओतत होती आणि मी खालून बघत होतो. पातळ असल्यामुळं आपोआप उतरतं. भोकातून बारीक धार आली तेव्हा डब्यात बोटभर उरलं होतं. नवे वॉशर, टॉर्क पाना ४७ वर.

तपोवन मैदानावर सकाळी साडेसहाला गेलो. डावीकडून दहा गोल, उजवीकडून दहा, मग आठाचा आकडा. पहिले तीन-चार गोल आवाज होताच, मग तुटक झाला, मग फक्त स्टेअरिंग अगदी शेवटाला टेकल्यावर. पूर्ण गेला नाही. ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. पुढचे दोन आठवडे गाडी रोज चालवली, गगनबावड्याला दोन वेळा जाऊन आलो, सहाशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा सगळं सोडलं. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल ताज्यापेक्षा दाट होतं आणि गंधकाचा वास अजून येत होता, मंद. पुन्हा नवं भरलं. आता गरम गाडी, पूर्ण वळण, काचा खाली, काही नाही. आमच्या गल्लीत वळवून घेताना समोरच्या काकू पूर्वी खिडकीत यायच्या, काल आल्या नाहीत.

गिअरबॉक्सचंही तेल बदललं. दुसरा गिअर आता दोन बोटांनी पडतो.

दिव्यांचं थोडक्यात : दोन रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर. आता बल्बवर १३.५ मिळतात. हॅलोजनला व्होल्टेज थोडं कमी पडलं की उजेड फार पडतो. ११.९ वर १३.८ च्या तुलनेत जवळपास चाळीस टक्के उजेड गमावत होतो, बल्ब नवे असूनही. काचा पाण्यातला पॉलिश पेपर ८००, १५००, २००० असा घासून पॉलिश केल्या. करूळ घाटात आता कडेचे पांढरे दगड दिसतात.

घाटरस्ता दादा, तुमच्या मित्राला एवढं सांगा की शाफ्ट टाकून दिला नसेल तर एकदा तेल बदलून परत लावून बघा.

मिस्त्री, तुम्ही वरचा प्लग आधी म्हणाला नसता तर मी खालचाच उघडला असता, कारण हाताला तोच आधी लागतो. आणि त्या झिजलेल्या प्लगपायी रिकाम्या डिफची गाडी घेऊन बसलो असतो.

टूल बिटची ती चावी शॉपमध्ये खुंटीला लावून ठेवली आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत कुणाचा हा प्लग अडला असेल तर इथं लिहा, चावी घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या.

जुनी गाडी, सांगली

दादा, चावी मला लागणार आहे. माझा खालचा प्लग तसाच झालाय. पुढच्या शनिवारी अंबाबाईला येते आहे, जाताना घेऊन जाते.